गाईसारखा गवय आणि ‘माझे मन सांगते’ : अध्यात्मातील सत्य कळते कसे?

आत्मा, ब्रह्म, ईश्वर यांविषयी आपण जे ऐकतो, त्यातील बराचसा भाग उपमांच्या रूपानेच आपल्यापर्यंत येतो. घटातील आकाश आणि बाहेरचे महाकाश, दोरीवर भासलेला साप, समुद्र आणि त्याची लाट ही उदाहरणे कीर्तनात, प्रवचनात आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात इतक्या वेळा आलेली असतात की, उदाहरण समजले म्हणजे विषय समजला, अशी आपली समजूत होऊन बसते. त्याच कीर्तनात आणि त्याच प्रवचनात तितक्याच ठामपणे असेही सांगितले जाते की हे सत्य सांगून कळणारे नाही, ते ज्याचे त्याने अनुभवावे लागते. ऐकणारा दोन्ही विधानांना मान डोलावतो. या दोन विधानांत काही ताण आहे आणि त्या ताणाचा आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने विचार केलेला आहे, हे मात्र सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

प्रश्न असा आहे. माहीत असलेल्या वस्तूशी साम्य पाहून अनोळखी वस्तू जाणणे हा ज्ञानाचा एक मार्ग. त्याला आपण तुलना म्हणू. मध्ये कोणतेही साधन न ठेवता थेट जाणणे हा दुसरा मार्ग; त्याला अंतःप्रज्ञा किंवा अपरोक्ष अनुभव म्हणतात. अध्यात्मातील सत्य यांपैकी कोणत्या मार्गाने कळते? माझे उत्तर आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा विचार कोणत्या दिशेने जातो आहे हे वाचकाच्या ध्यानात राहील. तुलना ते सत्य हाती देत नाही. परंतु त्या सत्याकडे नजर वळवण्याचे काम आणि ते गवसल्याचा दावा पारखण्याचे काम, ही दोन्ही कामे तुलनेशिवाय होत नाहीत. मधला क्षण तेवढा तिच्या हातात नसतो.

तुलनेला आपल्याकडे केवळ काव्याचा अलंकार मानलेले नाही. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाची चार साधने मानली आणि त्यांत उपमानाला स्वतंत्र जागा दिली. त्याचे ठरलेले उदाहरण गवयाचे आहे. नगरात राहणाऱ्या माणसाने गवय हे नाव ऐकले आहे, पण तो प्राणी कधी पाहिलेला नाही. रानात राहणारा कोणी त्याला सांगतो की गवय गाईसारखा असतो. पुढे हा नगरवासी रानात जातो, गाईशी साम्य असलेला एक प्राणी त्याच्या दृष्टीस पडतो, ऐकलेले वाक्य त्याला आठवते आणि ‘गवय म्हणतात तो हाच’ असे ज्ञान त्याला होते. नैयायिकांच्या मते उपमानाने मिळते ते एवढेच, म्हणजे नाव आणि वस्तू यांचा संबंध. मीमांसकांनी त्याच प्रसंगाची वेगळी मांडणी केली. त्यांचे म्हणणे असे की गवय डोळ्यांसमोर आल्यावर ‘घरी असलेली माझी गाय याच्यासारखी आहे’ असे जे ज्ञान होते, ते उपमानाचे फळ होय. सांख्य, वैशेषिक आणि बौद्ध तार्किकांना तर हे स्वतंत्र प्रमाणच मान्य नाही; ते त्याचा समावेश इतर प्रमाणांत करतात. या वादाच्या तपशिलात जाण्याचे येथे कारण नाही, पण त्यातून एक गोष्ट हाती लागते. कोणत्याही मताने घेतले तरी, गवय स्वतः डोळ्यांसमोर आल्याशिवाय उपमानाचे काम पुरे होत नाही. ‘गाईसारखा’ हे शब्द माणसाला रानापर्यंत पोहोचवतात, शोधायचे काय ते सांगतात आणि दिसल्यावर ओळख पटवतात. गवय मात्र त्या शब्दांतून निर्माण होत नाही.

ब्रह्माच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. तुलनेसाठी दोन वस्तू लागतात आणि दोहोंत काही समान व काही भिन्न असावे लागते. ‘एकमेवाद्वितीयम्’ असे ज्याचे वर्णन छांदोग्य उपनिषदाने केले, त्याच्या शेजारी ठेवायला दुसरी वस्तू आणायची कोठून? श्वेताश्वतर उपनिषद तर ‘न तस्य प्रतिमा अस्ति’, त्याच्या तोडीचे काहीच नाही, असे स्पष्टपणे सांगते. मग उपनिषदे स्वतः उपमांनी भरलेली का आहेत? वेदान्ती यावर एक नियम सांगतात की दृष्टान्त एकदेशी असतो, म्हणजे तो एका अंगापुरताच लागू होतो आणि सर्व अंगांनी ताणला की मोडतो. दोरी आणि साप यांच्या दृष्टान्तातून भ्रम कसा होतो आणि कसा जातो एवढेच घ्यायचे असते. दोरी जड आहे म्हणून ब्रह्मही जड आहे, असे कोणी घेतले तर तो दोष घेणाऱ्याचा. नियम बरोबर आहे, पण दृष्टान्त ऐकत असताना त्याचे कोणते अंग घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ऐकणाऱ्याला आधी कसे कळावे, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. बृहदारण्यक उपनिषदात हा प्रश्न एका बाईने आपल्या नवऱ्याला तोंडावर विचारला आहे, आणि या विषयाचे मर्म मला त्या संवादात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते.

याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि आपल्याजवळचे धन मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींमध्ये वाटून देऊ पाहत आहेत. मैत्रेयी विचारते की धनाने भरलेली सारी पृथ्वी माझी झाली, तर तेवढ्याने मी अमर होईन का? नाही, असे उत्तर आल्यावर ती म्हणते की ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू, तुम्हाला जे ठाऊक आहे तेच मला सांगा. मग याज्ञवल्क्य ते प्रसिद्ध वाक्य उच्चारतात: आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचे मनन करावे, त्याचे निदिध्यासन, म्हणजे अखंड ध्यान, करावे. यात ‘पाहावा’ हा शब्द पहिला आहे. लगेच पुढे मात्र दृष्टान्तांची रांग लागते. वाजणाऱ्या दुंदुभीचे, शंखाचे, वीणेचे सुटे सुटे स्वर धरता येत नाहीत, ते वाद्य किंवा वाजवणारा धरला की स्वर आपोआप धरले जातात. आणि मिठाचा खडा पाण्यात टाकला तर तो विरघळून जातो, पुन्हा उचलून काढता येत नाही, पण पाणी कोठूनही घेतले तरी ते खारटच लागते. त्याचप्रमाणे हे महद्भूत, म्हणजे हे महान तत्त्व, अनंत, अपार, केवळ विज्ञानघन, म्हणजे ज्ञानानेच भरलेले, आहे. ते या भूतांपासून उठते आणि त्यांच्याच पाठोपाठ लय पावते, आणि गेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही.

येथे मैत्रेयी त्यांना थांबवते. ‘गेल्यावर संज्ञा उरत नाही असे म्हणून भगवान, तुम्ही मला येथेच मोहात टाकलेत,’ असे ती म्हणते. तिची हरकत रास्त आहे. मिठाचा खडा विरघळला की खडा म्हणून तो संपला. तो दृष्टान्त सरळ घेतला तर मुक्ती म्हणजे विरघळून नाहीसे होणे ठरते, आणि अमर होण्याची इच्छा धरणाऱ्या बाईला ते कसे पटावे? दृष्टान्ताने नेमके नको ते अंग तिच्या हाती दिले. याज्ञवल्क्य उत्तरादाखल आणखी एखादी उपमा देत नाहीत, याकडे लक्ष द्यावे. ते म्हणतात की जेथे जणू दुसरेपण असते तेथे एक दुसऱ्याला पाहतो, एक दुसऱ्याला ऐकतो, एक दुसऱ्याला जाणतो. पण जेथे याचे सारे आत्माच झाले, तेथे कोणी कशाने कोणाला पाहावे? आणि अखेर, ‘जो जाणणारा आहे त्यालाच कशाने जाणावे?’ म्हणजे तेथे उरत नाही ती दुसऱ्या वस्तूची जाणीव. जाणणारा नाहीसा होत नाही.

हाच संवाद बृहदारण्यकात पुढे, चौथ्या अध्यायात, पुन्हा आला आहे, आणि तेथे मिठाचा दृष्टान्त बदललेला आहे. तेथे खडा पाण्यात टाकलेला नाही. मिठाच्या खड्याला जसे आत वेगळे आणि बाहेर वेगळे असे काही नसते, तो सगळाच्या सगळा रसघन असतो, तसा आत्मा आतबाहेर नसलेला, सगळाच प्रज्ञानघन आहे, असे तेथे म्हटले आहे. मीठ तेच, पण विरघळण्याचे अंग वगळून चवीचे अंग तेवढे ठेवले आहे. एवढे करूनही मैत्रेयी तेथेही गोंधळून जाते आणि याज्ञवल्क्यांना पुन्हा ‘नेति नेति’, म्हणजे ‘असे नाही, असे नाही’, यावर यावे लागते. उपमा सुधारता येते, अधिक नेमकी करता येते; पण ती कितीही नेमकी केली तरी ऐकणारा तिच्याजवळच थांबण्याचा धोका राहतो, आणि मग सांगणाऱ्याला आपणच दिलेली उपमा आपल्याच हाताने काढून घ्यावी लागते. मला वाटते की उपनिषदांतील उपमा वाचताना ती दिलेली जागा जितक्या आस्थेने वाचावी, तितक्याच आस्थेने ती काढून घेतलेली जागाही वाचावी.

आता दुसऱ्या मार्गाकडे वळू. अंतःप्रज्ञेविषयी बोलताना आज एक गल्लत सर्रास होते. मनात अचानक उमटलेली कोणतीही खात्री, कसलीही चाहूल, कौल लागल्यासारखे वाटणे, या सर्वांना अध्यात्मिक अनुभवाच्या रांगेत बसवले जाते. आपल्या जुन्या विचारवंतांनी असे केले नव्हते. वैशेषिक परंपरेतील प्रशस्तपादांनी ऋषींना होणाऱ्या प्रातिभ, म्हणजे आपोआप स्फुरणाऱ्या, ज्ञानाविषयी लिहिताना एक घरगुती उदाहरण दिले आहे: एखादी मुलगी म्हणते की उद्या माझा भाऊ येणार, माझे मन मला तसे सांगते. साध्या माणसांनाही क्वचित असे ज्ञान होते, एवढे सांगून ते पुढे जातात. काश्मीरचे नैयायिक जयंत भट्ट यांनी नवव्या शतकात हेच उदाहरण प्रमाणांच्या चर्चेत घेतले आणि अशी बाजू मांडली की ते ज्ञान संशयरूप नाही आणि पुढे ते खोटे ठरत नसेल, तर त्याला प्रमाण मानायला हरकत असू नये. म्हणजे मन सांगते एवढ्यावर त्यांनी भागवले नाही. भाऊ खरोखर आला का, हे पाहावे लागते.

पतंजलींनी तर याहून कडक भेद केला. योगसूत्रांच्या पहिल्या पादात ते सांगतात की चित्त पूर्ण निर्मळ झाल्यावर जी प्रज्ञा उदयाला येते ती ‘ऋतंभरा’, सत्याला धारण करणारी असते, आणि ऐकून किंवा अनुमानाने होणाऱ्या ज्ञानापेक्षा तिचा विषय वेगळा असतो, कारण ती ‘विशेषा’ला जाणते. यातील कारण महत्त्वाचे आहे. शब्द, अनुमान आणि तुलना ही तिन्ही सामान्यावर चालतात. ‘गाईसारखा’ हे वर्णन एका गवयाला जसे लागू पडते तसेच हजार गवयांना लागू पडते. समोर उभ्या असलेल्या एका गवयाचे त्याचे स्वतःचे असे जे काही आहे, ते त्यात येऊच शकत नाही. पण त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या पादात प्रातिभ ज्ञानासह दूरचे ऐकू येणे, दिव्य रूप दिसणे अशा गोष्टींचा उल्लेख करून पतंजली बजावतात की व्युत्थानात, म्हणजे व्यवहाराच्या अवस्थेत, या सिद्धी वाटत असल्या तरी समाधीत ते उपसर्ग, म्हणजे अडथळे आहेत. थेट जाणण्याचा प्रत्येक प्रकार सत्याकडे नेणारा असतो, असे योगशास्त्रसुद्धा मानत नाही.

अद्वैत वेदान्तात थेट अनुभवाला मोठे स्थान आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात लिहिले आहे की धर्माच्या विचारात केवळ श्रुती प्रमाण असते, पण ब्रह्माच्या विचारात श्रुती आणि अनुभव हे दोन्ही यथासंभव प्रमाण होत, कारण ब्रह्मज्ञानाचे पर्यवसान अनुभवात होते. हा अनुभव येतो कसा, हे समजावण्यासाठी दहाव्या माणसाची गोष्ट सांगितली जाते. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात, कोणी बुडाले तर नाही ना म्हणून एकेक जण मोजतो, आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजत असल्यामुळे संख्या नऊच भरते. सारे रडू लागतात. वाटेने जाणारा एक जण ते पाहून मोजणाऱ्याला म्हणतो, ‘दहावा तूच आहेस.’ त्या वाक्याने दहावा कोठे दूर असल्याची माहिती मिळत नाही. ऐकणाऱ्याला तो स्वतःच दहावा असल्याचे तत्क्षणी कळते. यात साम्य दाखवलेले नाही आणि दहावा अमक्यासारखा आहे असेही कोणी म्हणालेले नाही. हरवले आहे असे वाटत होते ते हरवलेलेच नव्हते, असा हा साक्षात्कार आहे.

या गोष्टीवरून अद्वैतातच दोन पक्ष झाले. विवरण परंपरेचे म्हणणे असे की ‘तत्त्वमसि’ (‘ते तू आहेस’) हे महावाक्यच दहाव्याच्या वाक्याप्रमाणे थेट ज्ञान देते. ऐकणाऱ्याचे अंतःकरण तयार असले म्हणजे झाले. वाचस्पती मिश्रांच्या भामती परंपरेने म्हटले की वाक्याने होणारे ज्ञान परोक्षच, म्हणजे ऐकीवच, असते. मनन आणि निदिध्यासन यांनी संस्कारित झालेले मन हेच थेट अनुभवाचे साधन होय. वाचस्पतींनी यासाठी दिलेला दाखला फार बोलका आहे. गायनशास्त्राचा अभ्यास करून ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला षड्जादी स्वर आणि मूर्च्छना, म्हणजे स्वरांचे चढउतार, यांतील भेद प्रत्यक्ष ऐकू येतात. तोच आवाज अप्रशिक्षित कानावरही पडत असतो, पण त्याला ते भेद ऐकू येत नाहीत. भेद ऐकणारा माणूस त्या वेळी तर्क करत नसतो, आठवून जुळवतही नसतो; त्याला ते सरळ ऐकू येतात. पण ते तसे ऐकू यावेत यासाठी त्याने आधी वर्षानुवर्षे एक स्वर दुसऱ्याशी ताडून पाहिलेला असतो. मला भामतीचा हा पक्ष अधिक पटतो, कारण अंतःप्रज्ञा ही आकाशातून पडणारी वस्तू नसून तयारीचे फळ आहे, हे त्यात मान्य केलेले आहे, आणि तरीही ते फळ तयारीपेक्षा वेगळ्या जातीचे आहे हेही त्यात नाकारलेले नाही.

मराठी वाचकाला हा सारा विचार एका ठिकाणी एकवटलेला पाहायचा असेल, तर त्याने ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाकडे जावे. ग्रंथ कसा ऐकावा हे सांगताना ज्ञानेश्वर महाराज म्हणतात:

हें शब्देंविण संवादिजे ।
इंद्रियां नेणतां भोगिजे ।
बोलाआधि झोंबिजे ।
प्रमेयासी ॥

शब्दावाचून संवाद करावा, इंद्रियांना कळू न देता भोग घ्यावा आणि बोल पोहोचण्याआधीच अर्थाला जाऊन भिडावे. अंतःप्रज्ञेची याहून थेट मागणी कोणी केली असेल, असे मला वाटत नाही. आणि ही मागणी ज्ञानेश्वरांनी ज्या ओव्यांच्या मध्ये ठेवली आहे, त्या सर्व उपमांच्या आहेत. शरदाच्या चंद्रकळेतील कोवळे अमृतकण चकोराची पिले मवाळ मनाने वेचतात, तशी ही कथा अनुभवावी. भुंगा कमळातील पराग नेतो पण पाकळ्यांना त्याची जाण नसते. आणि आपली जागा न सोडता, उगवत्या चंद्राला आलिंगन देण्याचा अनुराग कुमुदिनीच जाणते. या तिन्ही उपमा ब्रह्म कशासारखे आहे हे सांगत नाहीत. जाणणारा कसा असावा, त्याने कोणत्या हळुवारपणाने जवळ जावे, हे त्या सांगतात. उपनिषदातील मिठाच्या दृष्टान्ताने जो धोका निर्माण झाला होता तो येथे पुष्कळसा टळतो, कारण उपमेचे तोंड वस्तूकडे नसून ऐकणाऱ्याकडे आहे. 1290 साली पूर्ण झालेल्या या ग्रंथातील उपमांच्या वैभवाचे कौतुक आपण सर्वच करतो; ज्ञानेश्वर उपमेला हे जे निराळे काम देतात, त्याची दखल मात्र पुरेशी घेतली जात नाही.

‘अमृतानुभव’ या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथात हा विचार टोकाला जातो. सहाव्या प्रकरणाच्या आरंभी ते शब्दाची तोंडभर स्तुती करतात: शब्द ही फार उपयोगी वस्तू आहे, आठवण करून देण्यात ती प्रसिद्ध आहे, जो अमूर्त आहे त्याचा तो आरसाच आहे. एवढे दिल्यानंतर ते विचारतात की जो कधी विसरलाच नाही त्याला आठवण काय म्हणून करून द्यायची? जे स्वतःच प्रकाश आहे, त्याला दाखवायला आरसा कशाला? शब्दाचा उपयोग अज्ञान घालवण्यापुरता म्हणावा, तर अज्ञान मुळात नव्हतेच. अशा रीतीने त्याच प्रकरणात त्या शब्दाचे खंडन होते. त्याच ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती यांचे ऐक्य दाखवण्यासाठी दोन ओठांतील एक बोल, दोन डोळ्यांतील एक दृष्टी, दोन दिव्यांतील एक प्रकाश अशा उपमांचा वर्षाव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे उपमेची आणि शब्दाची पूर्ण ताकद वापरून झाल्यावरच ती बाजूला ठेवण्याचा अधिकार येतो, हे त्यांच्या रचनेतूनच दिसते.

आतापर्यंत अनुभवाच्या आधीचा विचार झाला. अनुभव आल्यानंतर काय, हा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. ज्याला अनुभव आला असे वाटते त्याला तो खरा की मनाचा खेळ हे कसे कळावे, आणि इतरांनी त्याच्या सांगण्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? आपल्या संतपरंपरेने या प्रश्नाला बगल दिलेली नाही. नामदेवांची कथा पाहा. विठ्ठल ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलत असे, ज्यांच्या हातून जेवत असे, अशी ज्यांची ख्याती, त्या नामदेवांना संतांच्या मेळाव्यात गोरोबा कुंभारांनी थापटण्याने पारखले आणि हे मडके कच्चे आहे असे सांगितले. बाकीच्यांनी थापटणे निमूट सोसले. नामदेवांना राग आला. पुढे ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, तेव्हा पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांनी सांगितले की जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. या कथेत नामदेवांचे विठ्ठलदर्शन खोटे ठरवलेले नाही. थेट दर्शन झालेल्या माणसाचेही दर्शन एकाच रूपापुरते राहिलेले असू शकते आणि ते कळण्यासाठी इतर अनुभवी माणसांच्या शेजारी उभे राहावे लागते, असे ही कथा सांगते.

समर्थ रामदासांनी हीच गोष्ट दासबोधाच्या पहिल्याच समासात ग्रंथाचा आधार सांगताना मांडली आहे: ‘नाना ग्रंथांच्या संमती । उपनिषदें वेदांत श्रुती । आणि मुख्य आत्मप्रचीती । शास्त्रेंसहित ॥’ मुख्य आहे ती आत्मप्रचीतीच, पण ती शास्त्रासहित आहे, एकटी नाही. अनुभवाविना बोलणाऱ्यांवर ते किती कडाडून तुटून पडतात हे सर्वांना ठाऊक आहे, ‘प्रचीतिविण जें बोलणें’ हे तोंड पसरून रडणाऱ्या कुत्र्यासारखे आहे, इथपर्यंत ते जातात. तेच समर्थ आपल्या प्रचीतीला नाना ग्रंथांच्या संमतीशी ताडून पाहतात, हे मला फार मोलाचे वाटते, कारण स्वतःच्या अनुभवावर एवढा भरवसा असलेला माणूसही ताळा पाहण्याची गरज मानतो.

संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत या ताळ्याचे एक हृद्य उदाहरण आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले, भेटीचा ध्यास घेतला आणि स्वप्नात तुकोबांनी त्यांना मंत्र दिला. नवऱ्याचा विरोध, लोकांची निंदा हे सारे त्यातून उद्भवले. पुढे देहूला गेल्यावर पांडुरंगाची आरती करत असलेले तुकोबा दिसले, आणि स्वप्नात पाहिलेले रूपच त्यांनी डोळे भरून पाहिले. यात आधी शब्द ऐकलेले आहेत, मग कोणाच्याही मध्यस्थीशिवाय आलेला अनुभव आहे, आणि त्यानंतर जुळवून पाहणे आहे. गवयाच्या उदाहरणातील नगरवासीही रानात जाऊन हेच करतो, फक्त बहिणाबाईंच्या हाती ‘अमक्यासारखा’ असे दुसऱ्याचे वर्णन नव्हते, त्यांचे स्वतःचेच दर्शन होते.

तुलनेचा आणखी एक अर्थ आधुनिक काळात आला, तो निरनिराळ्या धर्मांतील आणि देशांतील अनुभवींची वचने शेजारी ठेवून पाहण्याचा. महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेले या क्षेत्रातील मोठे नाव म्हणजे गुरुदेव रा. द. रानडे (1886–1957). जमखंडीत जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवलेले, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले रानडे हे स्वतः नामस्मरणाचे साधक होते आणि उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य होते. महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी असे मांडले की गूढवाद म्हणजे ईश्वराचे थेट, मध्यस्थाविना, अंतःप्रज्ञेने होणारे ग्रहण, आणि ही अंतःप्रज्ञा बुद्धी, भावना आणि इच्छा यांच्या विरोधात नसते, ती या सर्वांच्या मुळाशी असते. मग अनुभव खरा कशावरून, या प्रश्नाला त्यांनी कसोट्या लावल्या: तो निरनिराळ्या काळांतील आणि देशांतील अनुभवींच्या सांगण्यात सार्वत्रिकपणे आढळतो का, त्याने बुद्धी तल्लख होते की मंद, भावना शुद्ध होते का, आणि माणसाचे नैतिक आचरण उंचावते का. रानड्यांच्या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की तौलनिक अभ्यासाने ईश्वर कळतो असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. कळण्याचे साधन नाम आणि ध्यान. तुलना ही पारख.

या कसोट्यांपैकी पहिलीला एक मर्यादा आहे, आणि ती उघडपणे मांडायला हवी. दोन परंपरांतील अनुभवींची वचने शेजारी ठेवली, तर शेजारी येतात ती वचने, अनुभव नव्हेत. ज्ञानेश्वरांना आणि एखाद्या सूफी किंवा ख्रिस्ती साधूला प्रकाश दिसला असे दोघांनीही म्हटले असले, तरी प्रकाश हा शब्द दोघांकडेही तुलनेनेच आलेला आहे. उलट, शंकर, रामानुज आणि मध्व यांनी परमसत्याचे वर्णन परस्परविरुद्ध केले म्हणून त्यांच्यापैकी दोघांचा अनुभव खोटाच, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. वेगळी आहे ती मांडणी, आणि मांडणी पुन्हा शब्द व तर्क यांच्याच कक्षेतील गोष्ट आहे. म्हणून शब्दांच्या साम्यावरून ‘सर्व धर्म एकच सांगतात’ असा घाईचा निष्कर्ष मला मान्य होत नाही, आणि शब्दांच्या भेदावरून ‘प्रत्येकाचा अनुभव त्याच्या समजुतीपुरताच’ हा तितकाच घाईचा निष्कर्षही मान्य होत नाही. वचनांपेक्षा भक्कम आधार चौथ्या कसोटीचा, आचरणाचा आहे, कारण राग, लोभ, भीती आणि भूतदया या गोष्टी कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही पंथात बाहेरून पाहता येतात. गोरोबांचे थापटणेही नामदेवांच्या सिद्धान्तावर पडले नव्हते, त्यांच्या रागावर पडले होते.

आणि ही कसोटी दुसऱ्यांना लावण्याआधी ज्याने स्वतःला सर्वांत निष्ठुरपणे लावली, तो माणूस देहूचा. ‘बोलविसी तैसें आणीं अनुभवा । नाहीं तरी देवा विटंबना ॥’ असे तुकोबांनी विठ्ठलाजवळ मागणे मागितले आहे. मिठावाचून मिष्टान्न आणि जिवावाचून शृंगारलेले शव यांच्याशी त्यांनी अनुभवाविना बोलण्याची तुलना त्याच अभंगात केली. आपल्या मुखातून येणारे शब्द आपल्या अनुभवाच्या पुढे तर जात नाहीत ना, याची धास्ती त्यांना होती, आणि शब्द व अनुभव हे दोन्ही शेजारी ठेवून त्यांतील अंतर मोजण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणावर सोपवले नाही.